निळी लोकर

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

काल शेजारीण मला बळेच भुताच्या सिनेमाला घेऊन गेली. त्यात एका बाईचा नवरा वारलेला असतो आणि दारामागे त्याचा कोट टांगलेला असतो. दिवेलागणीला तो कोट श्वास घेऊ लागतो आणि ती त्याला विचारते, "आलात?" लोक किंचाळत होते. शेजारीण म्हणाली, "काकू, डोळे मिटा हो, झोप लागायची नाही!" मी मिटले नाहीत. शेवटी कोट जाळतात, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. मी एकटीच रडले.

माझा मुलगा गेल्यावर तू त्याचा निळा स्वेटर उशाशी घेऊन निजायचीस. "आई, धुऊ नका हं, त्यांचा वास आहे त्याला," म्हणालीस. मला वाटलं, अशानं पोरीचं डोकं फिरेल. शिवाय लोकर चांगली होती, वाया का घालवा? तू बाहेर गेलीस तेव्हा मी तो उसवला आणि लोकर साबणानं धुतली. तू घरभर शोधलंस. मी पोथी वाचत होते; मान वर न करता म्हणाले, "जुन्या कपड्यांबरोबर गेला असेल." आठवड्यानं तू माहेरी गेलीस ती गेलीसच.

तेव्हापासून त्याच लोकरीचा तसाच स्वेटर विणते आहे. डावी बाही मनगटापाशी आली की पुन्हा उसवते. ती पुरी झाली तर स्वेटर या पत्रासोबत तुला धाडावा लागेल, आणि तू तो आधी नाकाला लावशील.

तुझी सासू