आठ ठिकाणांचं तिकीट

मंगळवार, ३ मे १९८३. नांदेड

परिक्रमा तिकीट घ्यावं की नाही, हा प्रश्न आज सुटला. सकाळी स्टेशनवर विचारून आले. एकाच तिकिटावर आठ ठिकाणी उतरता येतं आणि सुटं काढण्यापेक्षा स्वस्त पडतं. फक्त मार्ग आधी लिहून द्यायचा. आठ ठिकाणं! माझ्या शाळेला सुट्टी आहेच. सांची, काशी, सारनाथ, बुद्धगया अशी यादी करून टाकली.

संध्याकाळी हे लातूरहून आले. तीन आठवड्यांची रजा नामंजूर. जिल्हा नवा, कचेरीत माणसं कमी, त्यात दुष्काळ, टँकरचं काम यांच्याकडे. "तुम्ही दोघी जा," म्हणाले. मला रागच आला. सासूबाईंना घेऊन एकटीनं आठदा चढउतार कशी करू?

तरी यादी सासूबाईंना वाचून दाखवली.

"लई गावं झाली गं. मला एक बुद्धगया बघू दे."

"पण आई, तिकीट स्वस्त पडतंय."

"पडू दे. छप्पनला तुझे सासरे दीक्षेला नागपूरला गेले. हा पोटात होता, म्हणून मी घरी राहिले. आल्यावर म्हणाले, तुला बुद्धगयेला नेतो. ते तर गेले. मला तिथं झाडाखाली चार दिस बसायचंय, बस."

जेवण झाल्यावर हे रजेचा नवा अर्ज लिहायला बसले, दहाच दिवसांचा. साहेब देतील का, कोण जाणे.

मी उद्या साधी जाण्यायेण्याची तिकिटं काढणार आहे. तीन.