मुंग्या नाहीत, असं सांगत होतो

६ जानेवारी, सोम.
इंजेक्शनांची तिसरी फेरी सुरू. वसईच्या डे-केअरला साडेनऊला हजर. आज पोट उजवं, खाली. सिस्टर फिलोमिनाने फाइलीत माझ्या पोटाचा नकाशाच काढून ठेवलाय. मागच्या जागेपासून इंचभर तरी लांब टोचायचं, असा नियम. तीन महिने ओळखते मला, तरी दर वेळी "काका, पूर्ण नाव? जन्मतारीख?" मग दुसरी सिस्टर येऊन औषध, डोस, तारीख मोठ्याने वाचते. लग्न लावताना भटजींनीसुद्धा इतकी चौकशी केली नव्हती. औषधाचं नाव बोर्टेझोमिब. ते धड म्हणता यायला मला दोन महिने लागले. रोगाचं मायलोमा त्यापेक्षा बरं, रक्ताचा कॅन्सर असला तरी म्हणायला सुटसुटीत.
शेवटी नेहमीचा प्रश्न: "हातापायाला मुंग्या? बधिरपणा?"
म्हटलं, "नाही."
खरं म्हणजे आहे. नाताळापासून पायाला मोजे न घालता मोजे घातल्यासारखं वाटतं. पण डॉ. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, नसांना त्रास झाला तर डोस कमी करावा लागेल. रिपोर्टात रोगाचा जोर दाखवणारा एम प्रोटीनचा आकडा ३.१ वरून १.४ वर आलाय. आता कमी कशाला करायचा?

९ जाने., गुरु.
पोट डावं, खाली. मुंग्या? नाही.
इंजे.नंतर दोन दिवस औषध अंगातून बाहेर पडतं, म्हणून संडासात दोनदा फ्लश करायचं, झाकण लावून. बोळिंजमध्ये सकाळी पाणी किती वेळ येतं हे नियम करणाऱ्याला ठाऊक नसावं. पण आमची सौ. सुलभा बाहेर उभी राहून मोजते. तिच्यापुढे बोलायची सोय नाही.

११ जाने., शनि.
क्लबहाउसात भजनाची तालीम. पुढच्या १ तारखेला माघी गणपती, तबल्यावर मी, सालाबादप्रमाणे. आज 'ना' वाजेना. तर्जनी किनारीवर पडते, पण पडली की नाही ते कानानेच कळतं. मी हातोडी घेऊन गठ्ठे ठोकत बसलो.
वसंता पेटीवरून म्हणाला, "काय झालं रे?"
"हवा दमट आहे. कातडं उतरलंय."
"जानेवारीत?"
तबला बिचारा निर्दोष होता.

१३ जाने., सोम.
पोट उजवं, वर. मुंग्या? नाही. या वेळी सि. फिलोमिनाने मान वर करून पाहिलं. मी हसलो. तीही हसली.

१४ जाने., मंगळ.
संक्रांत. तिळगुळाचे लाडू गरम असतानाच वळावे लागतात, दरवर्षी सुलभा "हाय हाय" करत वळते नि मी लांबून सूचना देतो. आज म्हटलं, सरक, मी वळतो. सटासट अकरा वळले. चटका म्हणून नाही. स्वतःवर खूश. तिलाही कौतुक वाटलं असावं, कारण ती माझ्या हातांकडेच बघत होती.
मग तिने मनगट धरून हात सरळ नळाखाली घातला. अंगठा नि दोन बोटं लालबुंद. दहा मिनिटांत फोड.
"तुम्हाला भाजत नव्हतं?"
सांगितलं सगळं, नाताळापासूनचं.
"टेलिफोनच्या तक्रार विभागात तीस वर्षं काढलीत," ती म्हणाली, "आणि स्वतःची एक तक्रार नोंदवता आली नाही?" मग रडली. सणाच्या दिवशी मी तिला रडवलं. मला माझी फार लाज वाटली.
तिनेच डे-केअरला फोन केला. फोड फोडायचा नाही, टूथपेस्ट लावायची नाही, उद्या येऊन दाखवायचं.

१५ जाने., बुध.
डॉ.नी सुराचा लोखंडी काटा, ट्यूनिंग फोर्क, वाजवून पायाच्या अंगठ्याला टेकवला. "थरथर जाणवते?" पेटीवरच्या पांढरी एकच्या आसपास असेल, कानाला स्पष्ट ऐकू येत होती. पायाला काहीच नाही. आयुष्यभर सूर लावला, आणि हा...
उद्याचं इंजे. रद्द. पुढच्या फेरीपासून, म्हणजे २७ पासून, डोस कमी, तोही आठवड्यातून एकदाच. मी म्हटलं, "आकडा वाढला तर?" म्हणाले, "बघू. आठवड्याच्या डोसवरही पुष्कळ जणांचा आजार आटोक्यात राहतो. पण नस एकदा गेली की ती परत येईलच असं नाही."
सि. फिलोमिना रागावली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, "काका, बाटली मी तपासते, डोस तपासते, तुमचं नाव रोज विचारते. तुमच्या बोटांत काय चाललंय ते कुठल्या लेबलवर वाचू?"


२७ जाने., सोम.
नवा डोस. दोघी सिस्टरनी दोनदा वाचला, मलाही सिरिंजवरचं लेबल वाचायला लावलं. पोट डावं, वर. फोड बरा झालाय. पायातले मोजे घोट्यावरून थोडे खाली उतरलेत असं वाटतं. की मनाचे खेळ?

१ फेब्रु., शनि.
माघी गणपती. तबल्यावर आचोळ्याच्या शिंदेबाई, वसंताने आणल्या. मला टाळ. शिंदेबाई माझ्यापेक्षा चांगलं वाजवतात. हे इथेच लिहितोय, वसंताला सांगणार नाही. त्यांची तर्जनी किनारीवर पडायची तेव्हा माझं बोट आपोआप मांडीवर आपटायचं. हेवा वाटला, भरपूर. मोदक पाच खाल्ले.

३ फेब्रु., सोम.
पोट उजवं, खाली. मुंग्या आहेत, सांगितलं. सांगायला एक वाक्य लागतं.

१० फेब्रु., सोम.
रिपोर्ट आला. १.६.
डॉ. म्हणाले, एवढ्याशा फरकावरून काही ठरवता येत नाही, चार आठवड्यांनी पुन्हा बघू. त्यांना म्हणायला काय जातंय. १.४ चे १.६ झाले, मी बाहेरच्या बाकावर तीनदा वाचलं. सुलभा शेजारी पिशवीत गोळ्या लावत होती.
मग खुर्चीत बसलो. नाव, जन्मतारीख सांगितली. सि. फिलोमिनाने पेन उघडलं. "हातापायाला मुंग्या?"
डोक्यात सरळ हिशेब आला: 'नाही' म्हणालो, दोन-तीन आठवडे असंच म्हणत राहिलो, तर कदाचित पूर्ण डोस परत मागता येईल. सुलभा बाहेर होती. सिस्टर लिहायला थांबली होती. फार वेळ थांबली असं मला वाटलं.
"पायाला कमी आहेत," मी म्हटलं. "उजव्या तर्जनीला आणि अंगठ्याला अजून आहेत. सकाळी शर्टाचं बटण लागलं नाही, हिने लावलं."
तिने लिहून घेतलं, सगळं, बटणासकट. पोट डावं, खाली. डोस तोच, कमीचा.