आबांच्या रायफलीचा दस्ता

नाशिक

प्रिय गेणू,

परवा तुझ्या पंचवटीतल्या दुकानात मी भांडायला आलो होतो, हे तू ओळखलंसच. आबांच्या शिकारी रायफलीचा लाकडी दस्ता माझ्या नातीने, स्नेहलने, मला न विचारता तुझ्याकडे आणून दिला. लोखंडी भाग बंदुकांच्या परवानाधारक दुकानात ठेवला आणि नुसतं लाकूड रिक्षातून आणलं, म्हणजे नियमानेही तिला पकडता येईना. आबांमागे, मुलगा म्हणून, ती रायफल माझ्या नावावर आली, आणि ती पोलिसांकडे देऊन मोडीत काढायचा अर्ज मी लिहून ठेवला होता. स्नेहलला ती नेमबाजीच्या सरावाला हवी होती. माझी सही झाली असती, तर तिचा विषय संपला असता. चाळीस वर्षं शिकारीविरुद्ध सभा घेणाऱ्याच्या घरात बंदूक राहणार नाही, असं मी तुझ्या अर्धवट देव्हाऱ्यांच्या मधोमध उभा राहून ठणकावलं. तू कानस न थांबवता म्हणालास, "सरक जरा, उजेड अडवतोय तू. आन् इथं माइक नाय."

मग मी स्टुलावर बसलो तो तीन तास. तुझे हात बघत राहिलो. आबांनी वर्षानुवर्षं चोपडलेलं काळं रोगण तू काचेच्या तुकड्याने खरवडलंस, आणि खालून अक्रोडाच्या मधाळ रेघा वर आल्या. मागचा भाग शेजारी उभ्या स्नेहलच्या हाताच्या मानाने आखूड केलास. मग देवाला लावायचा तेलातला शेंदूर तिच्या गालाला फासलास आणि डोळे मिटून दस्ता खांद्याला घ्यायला सांगितलंस. लाकडावर जिथे शेंदूर उमटला, तेवढंच कानसलंस. पुन्हा शेंदूर, पुन्हा मिटलेले डोळे. "मान पोरीनं नाय वाकवायची, लाकडानं वाकायचं," म्हणालास. अकराव्या खेपेला शेंदूर सगळीकडे सारखा उमटला, तेव्हा कुठे जवसाच्या तेलाची बाटली उघडलीस. मी कपाटं भरून पुस्तकं वाचली गेणू, पण समोरच्या माणसाचं माप असं कधी घेतलं नाही.

तू लाकडावर तेल चोळत होतास आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. सिन्नरकडच्या डोंगरात रानडुकराला हुसकायच्या हाक्याला तुझे वडील झुडपापलीकडे होते, आणि याच रायफलीची गोळी त्यांच्या गुडघ्यात गेली. आपण दोघं तेव्हा अकरा वर्षांचे. ते जन्मभर काठीवर चालले. आबा शेवटपर्यंत 'चुकून झालं' एवढंच म्हणाले. माझा शिकारीवरचा राग तिथला आहे. आणि तू स्नेहलला विचारलंस फक्त, "कागदावरच मारणार ना गं?" ती हो म्हणाली. तुला तेवढं पुरलं.

आज मी मोडीत काढायचा अर्ज फाडला आणि परवान्यात स्नेहलचं नाव घालायच्या अर्जावर सही केली. हे तुला तिच्याकडून कळलंच असतं. पत्र लिहितोय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. चाळीस वर्षं प्रत्येक सभेत मी तुझ्या वडिलांचा गुडघा सांगत आलो. त्यावर टाळ्या घेतल्या, तुला एकदाही विचारलं नाही. मनमाडच्या सभेत तू मधूनच उठून गेलास, ते मला व्यासपीठावरून दिसलं होतं. मी घोटभर पाणी प्यालो आणि पुढचं वाक्य म्हटलं. रविवारी सिन्नरला सभा आहे. तू हो म्हणेपर्यंत तुझ्या वडिलांचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही, आणि नको म्हणालास तर कधीच नाही. मला माफ कर.

तुझाच,
प्रफुल्ल