डेल्को कुणी फिरवायचा

२ फेब्रुवारी, रविवार

आज डेल्कोचा नट मी ढिला केला नाही. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा!

किशनराव मिस्त्रींची राजेश्री आली होती. आयटीआय झालेली, वडलांचं गॅरेज आता तीच बघते. सोबत टायमिंग लाईट, म्हणजे पिस्तुलासारखा एक दिवा. चालू इंजिनच्या पुलीवर उजेड पाडायचा, खूण कुठे येते ते बघायचं, तेवढा डेल्को, ठिणगीची वेळ ठरवणारा तो डबा, फिरवायचा. झालं. मी पाना घेऊन उभी. हे म्हणाले, "हेमा, तू चहाचं बघ."

चहाचं बघ!

फियाट घेतली एकोणनव्वद साली. तेव्हापासूनची रीत — हे मडगार्डवर हात टेकून, डोळे मिटून ऐकणार, मी डेल्को केसभर केसभर फिरवणार. ठिणगी उशिरा पडली तर गाडी मरगळते. लवकर पडली तर टॉप गिअरमध्ये पाय दिला की इंजिनात खडे वाजतात. दोन्हींच्या मधे एकच जागा. ती आली की हे म्हणायचे, "बस." मी नट आवळायची. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. मी झाले, शाळेत तीस वर्षं शिकवलं, पण त्यांच्या कानापुढे कधी बोलले नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

विचारलं, "त्या पोरीला कशाला बोलावलंत?" दुसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर आलं. "आताचं पेट्रोल निराळं हाय, इथेनॉलचं. तिथं कान चालत न्हाई, दिवाच लागतो."

पटलं नाही. छत्तीस वर्षं चाललेला कान पेट्रोलनं बिघडतो होय?

९ फेब्रुवारी, रविवार

ती पुन्हा आली. डेल्कोतले ठिणगीचे पॉइंट बदलले म्हणून टायमिंग परत बघायचं म्हणे. मला म्हणाली, "काकू, तुमी सावलीत बसा. आमी बघायलोत की."

आमी!

स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसतं. बॉनेटखाली दोघांची डोकी. ती यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगते, हे खुदकन हसतात. माझ्याशी असं हसून किती दिवस झाले? दारातून हाक मारली, "चहा झालाय!" दोनदा. हे वळलेसुद्धा नाहीत. शेवटी तिनंच यांच्या दंडाला हात लावून माझ्याकडे बोट दाखवलं.

दंडाला हात!

सव्वीस वर्षांची पोर. नात म्हणावी तर थोडी मोठी, लेक म्हणावी तर लहान. अडुसष्टाव्या वर्षी मला हे असं वाटावं याची लाज वाटते. पण वाटतं. मला तिच्या वयाचं काही नाही. ती माझ्या जागेवर उभी असते, त्याचं आहे.

जाताना म्हणते, "काकू, काकांचा लय जीव हाय बरं गाडीवर."

मी म्हटलं, "मला सांगतेस?"

१० फेब्रुवारी

आज दिवसभर यांच्याशी बोलले नाही. यांच्या लक्षातही आलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

हे दाढीला गेले होते. अर्धा तास माझा.

बॉनेट उघडलं. आधी खडूनं खूण केली. नट ढिला केला आणि डेल्को आतल्या रोटरच्या उलट्या दिशेला ढकलला, ठिणगी लवकर पडावी म्हणून. दोन मिलिमीटर. जास्त नाही. नट आवळला, खूण पुसली, हात राखेनं धुतले.

पिस्टनला हे चांगलं नाही, ठाऊक आहे. पण पिंगळीपर्यंत जाऊन काही फुटत नाही. उद्या तिथं कस्तुरावन्संकडे जेवायला जायचंय. गावाबाहेर पडलो की खडे वाजतील. हे गाडी बाजूला घेतील, चिडतील — दिव्यानं बसवलेलं टायमिंग हे असं? — आणि हात पुढे करतील, "हेमा, पाना दे."

एवढंच हवंय मला.

पोरांच्या कॉप्या पकडताना मी कधी दया दाखवली नाही. आणि आज हे!

१६ फेब्रुवारी, रविवार

गावाबाहेर आलो. यांनी टॉप टाकला, पाय दिला — खडखड सुरू! पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवावेत तशी. रस्त्यावरचा सायकलवाला वळून बघत राहिला. मी यांच्या तोंडाकडे बघत होते. हे मजेत, स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून.

"बघ हेमा, कशी गोड चाललीय!"

पिंगळीचं फाटक बंद होतं. गाडी थांबली. मी म्हटलं, "हो." यांना ऐकू गेलं नाही. मग यांच्याकडे पूर्ण वळले आणि ओठ दिसतील असं सावकाश म्हटलं, "हो. गोड चाललीय."