टाकी गळते, पण माझे नाव घालू नये

पिंपरी, ता. १६ जानेवारी १९५७

तीर्थरूप दौलतदादांस,

तुमच्या पायांवर (थंडीने भेगा पडल्या असतील, कोकमतेल लावत जा) मुरारी डोके ठेवतो. वहिनी, मुले आणि नवी गाय खुशाल असतील. आमच्याबद्दल तसे लिहवत नाही.

दादा, आई गाठोडे बांधते आहे. शकूला नववा महिना लागला, तिला माहेरचे कोणी नाही, आणि बाळंतपणाच्या तोंडावर आई गावी निघाली तर मी काय करू? कारण सांगायला लाज वाटते. कंपनीच्या क्वार्टरमध्ये संडास घरातच आहे. (होय, घरातच, दिवाळीत यावरून तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता.) बसणाऱ्याच्या डोक्यावर लोखंडी टाकी, साखळी ओढली की पाणी सुटते. ती महिनाभर गळते आहे, आणि नेमकी टाळूवर. पाणी नळाचेच, स्वच्छ, पण आई म्हणते, "संडासातलं पानी त्ये संडासातलंच." म्हणजे दर वेळी डोक्यावरून अंघोळ. परवा तीन झाल्या, आता खोकते आहे. छत्री घेऊन जा म्हटले, तर "परसाकडं छत्री घिऊन बसू व्हय रं?" म्हणाली आणि गाठोडे काढले.

मी स्वस्थ बसलो नाही. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, तर थेंबाची धार झाली. मग स्टुलावर चढून (नको नको म्हणत असता शकूने स्टूल धरले) आतला नट पिळला, तो पाणी अडवणारा तांब्याचा गोळाच हातात आला. कंपनीचा माल! तो मी ट्रंकेत, लग्नातल्या कोटाखाली लपवला आहे.

तक्रार का करत नाही, असे तुम्ही विचाराल. दादा, मी अजून कायम झालेलो नाही. हुकूम मार्चमध्ये निघायचा. ज्याला टाकी सांभाळता येत नाही, त्याच्या हाती कंपनी मशीन कशी देईल? शेजारचे हिंदुराव म्हणतात, "राव, अर्ज टाका, मिस्त्री येतोय." पण ते कायम आहेत, त्यांना बोलायला काय!

आपला,
मुरारी

ता. क. — खरे काम असे. क्वार्टरच्या साहेबांना तुम्ही गावाहून एक अर्ज लिहावा, की पिंपरीत एका घरी टाकी गळत असल्याचे कानावर आले आहे. माझे नाव घालू नये. क्वार्टरचा नंबर मात्र घालावा. (साहेबांची कचेरी माझ्या खात्याच्या समोरच आहे, म्हणून मी जाणे बरे दिसत नाही.)

आणखी ता. क. — भाऊजी, हे पत्र यांनी पेटीत टाकायला माझ्याकडे दिले होते. मी सासूबाईंना वाचून दाखवले. त्या तशाच उठल्या आणि मला घेऊन कचेरीत गेल्या. साहेब म्हणाले, त्या ओळीतल्या सगळ्याच टाक्या गळतात, तुमच्याच घरची तक्रार तेवढी यायची राहिली होती. मिस्त्री पुढच्या बुधवारी येणार. सासूबाई कुठेही जात नाहीत. यांना कचेरीत धाडावे म्हणून गाठोड्याचे सोंग केले होते. म्हणतात, "पोटुशी सून टाकून जाईन व्हय मी? पर त्यो रडंल, साहेबापुढं न्हाई जायाचा." तेव्हा तुम्ही बुधवारच्या आत यांना दोन ओळी धाडाव्या, की अर्ज पाठवला. आम्ही दोघी साहेबांपुढे जाऊन आलो हे कळले, तर मार्चपर्यंत यांचा डोळा लागायचा नाही.

— शकू