फादर, मठ्ठ, लालपोट्या

५ ऑक्टो., रवि.
सॉरी आधीच. ऱ्हस्व-दीर्घ मला जमत नाही आणि मोबाईलवर मराठी एका बोटाने टाईप करते, एवढंसं लिहायला अर्धा तास जातो. वाचणारं कोणी नाही, तरी सॉरी. सवय आहे.

काल पक्षी आला. ३०४ मधले हर्मन अंकल (पुढे ह.अं.) कमरेच्या ऑपरेशनला जर्मनीला गेले, दोन महिने. पिंजरा आमच्याकडे. पापा त्यांना दारातच म्हणाले, "हिच्याकडे द्या, ही तशी पण घरीच असते." तशी पण. म्हणजे नववीनंतर शाळा सोडली म्हणून मी फर्निचर.

बुलफिंच म्हणतात. चिमणीपेक्षा जाडा, मान नाहीच. डोक्यावर काळी टोपी, छाती-पोट लाल, वसईचा पेरू आतून असतो तसा. आवाज गंजलेल्या गेटसारखा, पण हळू. थंड देशातला आहे, म्हणून हॉलमध्ये एसीजवळ टांगलाय. त्याला नाव नाही. ह.अं. म्हणाले, याला आधीच खूप नावं आहेत, अजून कशाला.

७ ऑक्टो., मंगळ.
ह.अं.नी कागद दिलाय जुन्या नावांचा. जाण्याआधी एकेकाचा अर्थ सांगितला होता, त्यांचं इंग्लिश आणि माझं इंग्लिश मिळून जेवढं कळलं तेवढं.

डोमफाफ. म्हणजे मोठ्या चर्चचा फादर. काळी टोपी आणि जाडी मान म्हणून.
ब्लुटफिंक. ब्लुट म्हणजे रक्त. पोटामुळे.
इंग्लंडमध्ये कळ्या खाणारा. फळझाडांच्या कळ्या खातो म्हणून तिकडे गावातली चर्चं याला मारणाऱ्याला पैसे द्यायची. चर्चं. भूक लागली तर खाणार नाय तर काय करणार.
आणि गिम्पेल. म्हणजे मठ्ठ.

का मठ्ठ, तर शिट्टी मारली की जवळ येतो. म्हणून लगेच पकडला जातो. एकाला पकडलं तर त्याची जोडीदारीण शोधत येते, ती पण पकडली जाते. यात मठ्ठ कोण? पकडणारे शहाणे आणि हा मठ्ठ?

दिवसभर डोक्यातून जात नाही. मला पण शाळेत हेच म्हणायचे. वाचायला उभं केलं की आवाज फुटायचा नाही, आणि मागून कोणीतरी.

मम्मी रोज विचारते, हा कसला पक्षी, मग मी मराठीत चिठ्ठी करून पिंजऱ्याला टेपने चिकटवली. मोठ्या अक्षरात:
मोठ्या चर्चचा फादर
मठ्ठ
लालपोट्या
कळ्या खाणारा

१० ऑक्टो., शुक्र.
आज रोझरी (जपमाळेची प्रार्थना) आमच्याकडे. ऑक्टोबरभर मदर मेरीचा स्टॅच्यू चर्चच्या प्रार्थना ग्रुपच्या एकेका घरी जातो, आजचा दिवस आमचा, आणि फादर स्वतः येणार होते. मम्मी क्लिनिकमधून हाफ डे घेऊन आली, वडे तळले. फादर जाडे आहेत, घाम येतो, म्हणून चांगली खुर्ची एसीखाली ठेवली.

एसीखाली म्हणजे पिंजऱ्याखाली.

कोणाच्या लक्षातच आलं नाही. फादर बसले आणि त्यांच्या डोक्यावर बरोबर माझी चिठ्ठी. मोठ्या चर्चचा फादर, मठ्ठ, लालपोट्या. रोझरी चालू, आणि समोरच्या आंट्यांचे खांदे हलतायत. मला वाटलं रडतायत.

फिलोमिना आंटी (फि.आं., ग्रुपची लीडर) हसल्या नाहीत. त्यांनी फोटो काढला.

११ ऑक्टो., शनि.
फोटो ग्रुपवर. खाली लिहिलंय, "हेच शिकवतो का आपण मुलांना?" खाली हात जोडलेले इमोजी, रडके चेहरे, सगळं.

पापा खूप ओरडले. कोणी लिहायला सांगितलं, कोणाचा राग काढतेस. जेडन माझा लहान भाऊ, अकरा वर्षांचा, तो म्हणाला, "पापा, इट्स लिटरली द बर्ड्स नेम." त्याला पण फटका.

पापांना ग्रुपमध्ये बायबलचं रीडिंग करायला मिळतं, ते त्यांना फार आवडतं. हॉटेलात दिवसभर हाऊसकीपिंगवाल्यांना बोलतात, पण तिथे कोण ऐकून घेतं. फि.आं.नी सांगितलं, पुढच्या शुक्रवारी मुलीने फादरसमोर, सगळ्यांसमोर, तोंडाने सॉरी म्हणायचं. नाही तर पापांचं रीडिंग बंद.

पापांनी मला सांगितलं, सॉरी म्हण, नाही तर शनिवारी पक्षी बर्ड मार्केटला. "खलास. अंकलला सांगू मेला."

मेला. जिवंत पक्ष्याला.

१३ ऑक्टो., सोम.
फि.आं. मम्मीला फोनवर बोलत होत्या, स्पीकर चालू होता. शाळा नाही, काम नाही, मग डोक्यात असलेच धंदे. आणि वर ही शिट्ट्या मारते, खालपर्यंत ऐकू येतं, मुलीच्या जातीला शोभतं का. मम्मी नुसती हो हो. मम्मीने एकदा पण म्हटलं नाही की ती शिट्टी कामाची आहे.

कामाचीच आहे. ह.अं.नी त्याला एक जुनं गाणं शिकवलंय, मला सांगून गेलेत की रोज सकाळी पहिल्या दोन ओळी शिट्टीवर वाजवायच्या, नाही तर तो विसरतो. मी दोन ओळी वाजवते. तो मान वाकडी करून ऐकतो. मग तिसरी ओळ स्वतः म्हणतो. एक सूर चुकतो, थांबतो, परत पहिल्यापासून. कोणी हसत नाही म्हणून असेल.

मठ्ठ म्हणे. फि.आं.ना येते का तिसरी ओळ.

१५ ऑक्टो., बुध.
ह.अं.चा व्हॉइस मेसेज, हॉस्पिटलमधून. आवाज बारीक झालाय. ऑपरेशन झालं, चालायला शिकतोय म्हणाले, बाळासारखा. तो खातो का? गातो का?

मी टाईप केलं, ऑल ओके अंकल. खोटं. त्यांना काय सांगू, की तुमचा फादर फादरमुळे विकायला निघालाय.

पापांनी सॉरी लिहून दिलीय, इंग्लिशमध्ये, चार वाक्यं. "आय वॉज इमॅच्युअर" वगैरे. पाठ करतेय. दर वेळी तिसऱ्या वाक्याला राग येतो आणि विसरते.

१७ ऑक्टो., शुक्र.
आजची रोझरी फि.आं.च्या घरी, बाजूच्याच बिल्डिंगमध्ये. संपल्यावर त्या म्हणाल्या, शॅरलला काही सांगायचंय. पंचवीस तरी माणसं. सगळे वळले. नववीतला तो तास जसाच्या तसा.

पापांची चार वाक्यं आठवलीच नाहीत. जे आलं ते मराठीत आलं.

"ती पक्ष्याची नावं आहेत. जुनी. मी दिलेली नाहीत. आणि तो मठ्ठ नाही. कोणी बोलावलं तर येतो, एवढंच."

बसले. बसल्यावर आठवलं, सॉरी राहिलीच.

मग फादर म्हणाले, "कुठला पक्षी?" त्यांनी पाहिलंच नव्हतं. चष्मा काढून बसले होते, रोझरीत ते डोळे मिटतात. आठवडाभर ज्यांच्या अपमानासाठी एवढं चाललं होतं त्यांना माहीतच नाही. फि.आं.नी त्यांना फोटो दाखवला. स्वतःहून. फादरांनी मोबाईल लांब धरून वाचलं, सगळी चार नावं, हळूहळू, मोठ्याने. मागे कोणीतरी खोकलं. फादरांनी स्वतःच्या पोटाकडे बघितलं आणि विचारलं, गातो का हा? मी जेडनकडे बघितलं. जेडनने सांगितलं, जर्मन साँग, हाफ.

फि.आं. म्हणाल्या, "ते ठीक आहे फादर, पण सॉरी कुठे म्हणाली?"

फादरांनी वडा घेतला. मला राग आला, त्यांचा पण. एक वाक्य बोलायला काय जात होतं.

घरी येताना पापा पुढे चालत होते, एकदम फास्ट.

१८ ऑक्टो., शनि.
सकाळी उठले तर दाराजवळ खोका. पाण्याच्या बाटल्यांचा, बाजूला स्क्रूड्रायव्हरने भोकं पाडलेली. चिठ्ठी पिंजऱ्यावरून काढलेली, कचऱ्यात. मी काढली, पुसली, परत चिकटवली. चारही नावं. टेप जास्त लावली.

पापांना आज सुट्टी. मी किचनमध्ये होते, त्यांना वाटलं झोपलेय. पिंजऱ्यासमोर उभे होते, हातात गाडीची चावी. चिठ्ठी वाचत होते. मग इकडेतिकडे बघितलं आणि शिट्टी मारली. नुसती हवा निघाली. परत मारली.

तो दांडीवरून सरकत सरकत जवळ आला. अगदी जाळीपर्यंत. कोणी बोलावलं की येतोच तो.

पापा तिथेच उभे. चावी हातात. खोका दाराजवळ. आता अकरा वाजले, खोका अजून रिकामाच.