दादाकडे उरलेले दोन शब्द

इंदिरानगर, नाशिक
मंगळवार, दुपारची वेळ

चि. शेखर यास,
दीपमाला आत्याचा प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

प्रभूच्या दयेने आम्ही इकडे सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे, आणि पुष्कळसं ते खरंही आहे. गुडघे सोडले तर माझी काही तक्रार नाही. गुडघे टेकता येत नाहीत म्हणून मी उभ्यानेच प्रार्थना करते, तीही पोचते असं पाळकसाहेब म्हणतात (त्यांचे गुडघे शाबूत आहेत, त्यांचं म्हणायला काय जातं). रोहिणीचा खोकला गेला का? बेकरीत मैदा उडतो, तिला तोंडाला रुमाल बांधायला सांग. वेदिकाचे दुधाचे दात पडायला लागले असतील. फोन असताना आत्याने कागद कशाला खराब केला, असं तुला वाटेल. तर फोन तू दुसऱ्या वाक्याला ठेवतोस. पत्र फार तर फाडता येतं, आणि तुला मी लहानाचा मोठा केलाय, तू वाचल्याशिवाय फाडणार नाहीस हे मला माहीत आहे.

विषय तुझ्या पप्पांचाच आहे. माझ्या या थोरल्या भावाचा, दादाचा, आवाज आणि जीभ या दोन गोष्टी अख्ख्या नाशकाला ठाऊक. एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर असताना माईकवरून त्याने गाडी पुकारली की झोपलेला प्रवासी उठून बसायचा. आवाज देवाने दिलेला होता, जिभेचं तिखट त्याने स्वतः कमावलेलं. ते तिखट तुझ्या वाट्याला किती आलं हे तुला मी काय सांगू. तू नोकरी सोडून घोटीला बेकरी काढलीस, उद्घाटनाच्या दिवशी समर्पणाच्या प्रार्थनेला सगळ्यांना बोलावलंस, आणि प्रार्थना करायचा मान वडिलांना दिलास. दादाने डोळे मिटून, हात वर करून, भरल्या दुकानात मागितलं की हे प्रभू, या मुलाला नोकरी टिकवता आली नाही, निदान हे दुकान तरी दिवाळीपर्यंत टिकू दे. प्रार्थना संपली म्हणून लोकांनी सवयीने आमेन म्हटलं. (तुझ्या सासऱ्यांचा आमेन सगळ्यांत मोठा होता, पण ते तेव्हाही थोडं कमीच ऐकायचे.) तेव्हापासून तू या घराची पायरी चढला नाहीस. पप्पांनी ते शब्द चारचौघांत परत घ्यावेत, मग येईन, ही तुझी अट. अट वाजवी होती, हे मी त्याच्या तोंडावर म्हटलेलं आहे. त्यावर त्याने काय म्हटलं ते मी प्रभूच्या नावाने सुरू केलेल्या पत्रात लिहू शकत नाही.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. तू हॉस्पिटलात धावत आलास, तो बेशुद्ध होता तोवर उशाशी बसलास, आणि त्याने डोळे उघडायच्या आत निघून गेलास. म्हणून पुढची गोष्ट तुला नीट माहीत नाही. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी त्याला नाव विचारलं. दादा म्हणाला, "उपकार मानतो." डॉक्टर खूश झाले. गाव विचारलं, "उपकार मानतो." हात दुखतो का विचारलं, तेव्हाही तेच, पण अशा नजरेने की मी होते म्हणून डॉक्टर वाचले. त्याला कळतं सगळं, मनात वाक्यही तयार असतं, पण तोंडातून एवढे दोनच शब्द बाहेर येतात. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं जिभेवर घोळलेलं कधीकधी असं मागे उरतं. कुणाच्या शिव्या उरतात, कुणाची प्रार्थना. मला विचारलं असतं तर मी शिव्यांवर पैज लावली असती.

तुला त्याची जेवणाआधीची उपकारस्तुती आठवत असेल. एक डोळा मिटलेला, दुसरा मटणाच्या पातेल्यावर, आणि "या अन्नाबद्दल तुझे उपकार मानतो" हे एसटी चुकेल अशा घाईने. झटक्यातून तेवढंच वाचलंय.

आता या दोन शब्दांनी घरात काय उच्छाद मांडला ते ऐक. खालच्या मजल्यावरच्या खंडेरावांशी त्याचं गेटसमोर पिकअप लावण्यावरून किती जुनं भांडण आहे, तू पाहिलेलंच आहेस. घरी आल्यावर जरा चालता येऊ लागताच दादा काठी टेकत खाली गेला, पिकअपच्या बॉनेटवर काठी आपटली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडला, "उपकार मानतो." खंडेराव बाहेर आले. मग त्यांनी दादाचे दोन्ही हात धरले. म्हणाले, "साहेब, आपलं एवढं भांडण, अन् तुम्ही आजारातून उठून आभार मानायला आले. मलाच लय लाज वाटू ऱ्हायली." गाडी हलली. संध्याकाळी त्यांच्या निफाडच्या मळ्यातली पेटीभर द्राक्षं वर आली. दादा रागाने लाल झाला होता आणि द्राक्षं खात होता. आता खंडेराव रोज संध्याकाळी येऊन बसतात, द्राक्षांचे भाव आणि सुनेची गाऱ्हाणी सांगतात. आधी दादा झोपेचं सोंग घ्यायचा. हल्ली त्यांच्या यायच्या वेळेला खुर्ची स्वतः दाराकडे ओढतो, आणि ते आले नाहीत तर घड्याळाकडे डोळे वटारून बघतो.

मंडळीच्या वार्षिक सभेत तर कहर झाला. चर्चमध्ये ड्रम आणायला दादाने मंडळीचा कारभार बघणारा पंच या नात्याने आजवर विरोध केला होता. या वेळी ठराव येताच तो उभा राहिला, टेबलावर हात आपटून म्हणाला, "उपकार मानतो," आणि टाळ्यांच्या गजरात ठराव पास झाला. ड्रम आले. ते आमच्या बाकाच्या मागेच ठेवले आहेत (माझ्या कानांसाठी प्रार्थना असू दे). आणि आमच्या स्वयंपाकाच्या विमलाबाई. भाकरी करपली म्हणून तो ताट सरकवतो आणि म्हणतो, उपकार मानतो. बाई आणखी एक वाढतात. मी त्यांना एकदा स्पष्ट सांगितलं की अहो, ते चिडलेत. त्या म्हणाल्या, "कळतं ना ताई. पण आजवर मला चिडूनबी असं कोणी म्हणलं नाय."

हे वाचून तू हसला असशील तर मला आनंद आहे, मीही पुष्कळ हसले. त्याच्या प्रत्येक सुरामागचं खरं वाक्य मला ओळखू येतं, इतकी वर्षं या माणसाबरोबर काढलीत. पण विमलाबाईंच्या त्या बोलण्यानंतर माझं हसू कमी झालं. दादा जे मनापासून बोलला, टोचून, शब्द शोधून शोधून, ते सगळं गेलं. जे तोंडदेखलं बोलला तेवढं राहिलं, आणि त्याच्यावर आज त्याचं घर चाललंय. देवाने तेवढंही खरं धरलं असावं. म्हणून वेदिकाकडून जेवणाआधी उपकारस्तुती म्हणवून घेत जा. तिचं लक्ष ताटात असलं तरी चालेल. आणि अलीकडे दादा स्वतःचे शब्द ऐकायला लागलाय, असं मला वाटतं. परवा भाकरी चांगली होती. कुणी काही विचारलं नव्हतं. त्याने विमलाबाईंकडे बघून ते हळू म्हटलं. बाई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत बसल्या.

आता तुझ्या अटीबद्दल. मी त्याला समोर बसवून विचारलं, दादा, शेखरला बोललास ते परत घ्यायचंय का? त्याने मान हलवली, हो म्हणून. मग तो बोलायला गेला. ओठ जुळवले, गळ्याच्या शिरा फुगल्या, कपाळावर घाम आला, आणि आलं ते तेच. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग चांगल्या हाताने तो स्वतःच्या तोंडावर मारायला लागला. मी हात धरला. धरूनच बसले बराच वेळ. शेखर, माफीचा शब्द त्याच्याकडे नाही रे. त्याने शोधून बघितला. त्याच्याकडे तुला द्यायला एकच गोष्ट उरलीय, आणि ती तू त्याच्याकडून कधी ऐकलेली नाहीस.

रोहिणीला आशीर्वाद, वेदिकाला गोड पापा. रागावला असशील तर पत्र पुन्हा एकदा वाच, अक्षर तरी चांगलं आहे.

तुझी,
दीपमाला आत्या

ता. क. एक मागणं राहिलं. बेकरीची समर्पणाची प्रार्थना दादाकडून पुन्हा करून घेशील का? चारचौघं बोलाव, तुझ्या सासऱ्यांनाही पुढे बसव. या वेळी काही धोका नाही. त्याला स्वतःचं काही घालताच येत नाही.

ता. क. त्याला बोलायला शिकवणाऱ्या संजना मॅडम चित्रांची कार्डं आणतात. कप, मांजर, छत्री, सगळ्याला दादाचं तेच उत्तर, वैतागून. पावाचं कार्ड आलं ते मात्र तो खिशात घालून बसला. आता कुणालाही देत नाही. मॅडम संच अपुरा राहिला म्हणून माझ्यावर नाराज आहेत. ते कार्ड तूच मागून घे.

ता. क. मला त्याचा प्रत्येक सूर कळतो असं वर लिहिलंय, ते खोडावं लागेल असं दिसतं. रविवारची भक्ती आटोपून आम्ही रिक्षाने घरी येतो. द्वारका चौकात आलो की दर वेळी दादा रिक्षावाल्याच्या खांद्यावर थोपटतो, हाताने बाहेर दाखवतो आणि म्हणतो, उपकार मानतो. रिक्षावाला हसून मान डोलावतो आणि पुढे काढतो. मला वाटायचं, ट्रॅफिकवर चिडलाय. परवा तो थोपटतच राहिला म्हणून मी तो दाखवत होता तिकडे पाहिलं. तिथे जीपवाले उभे राहून ओरडत होते, "घोटी, घोटी, घोटी."

या रविवारी मी तिथे रिक्षा थांबवणार आहे. दुपारपर्यंत पोचू. पाव ताजा ठेव.